जठराचा द्वारपाल

अन्नाविषयीं आपल्या घरांतून जितकें बोललें जातें तितकें दुसऱ्या कोणत्याहि विषयावर बोललें जात नसेल. परंतु तें सारें बोलणें चुलीपासून पानापर्यंत आणि पानापासून तोंडापर्यंत येऊन थांबतें. घांस एकदां गिळला, कीं त्याचें पुढें काय होतें, याचा विचार निरोगी मनुष्य करीत नाहीं, आणि त्यानें तो करावा असें कोणी म्हणतहि नाहीं. माझे वडील जेवून उठतांना पोटावरून हात फिरवीत अगस्तिऋषींचें स्मरण करीत. वातापि राक्षसाला ज्यांनीं पोटांत जिरविलें त्यांचें नांव घ्यावें, पुढची काळजी त्यांच्यावर सोंपवावी, आणि गृहस्थानें सुपारी कातरावयास बसावें, अशी ती पद्धति. गेलीं पंधराहून अधिक वर्षें मला मात्र ही काळजी अगस्तींवर सोंपवितां आलेली नाहीं.

२०१० सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, माझ्या जठरावर एक पट्टा बसविण्यांत आला. त्या वेळीं माझें वजन ११८ किलो होतें आणि उंची पांच फूट पांच इंच. मधुमेह आठ वर्षांचा जुना, रक्तदाब त्याच्या सोबतीला, आणि गुडघे असे, कीं शाळेचा जिना चढतांना दोनदां कठड्याला टेकावें लागे. संस्कृताच्या तासाला मीं शिकविलेल्या ‘वृकोदर’ या शब्दाचा उपयोग विद्यार्थी कोणासाठीं करितात, हें मला ठाऊक होतें. शब्दाचा विग्रह त्यांना बिनचूक येत असे, एवढेंच समाधान. पथ्य, फिरणें, उपास या सर्वांनीं दहा-बारा किलो जात आणि वर्षाच्या आंत व्याजासह परत येत. शेवटीं पुण्याच्या एका शल्यवैद्यांनीं हा मार्ग सुचविला.

हा पट्टा म्हणजे सिलिकोनचें एक मऊ कडें. अन्ननलिका जेथें जठरास मिळते त्याच्या किंचित् खालीं तें जठराभोंवतीं बसवितात. त्यामुळें वरच्या बाजूस एक लहानशी कुपी तयार होते. भरपेट जेवणाच्या वेळीं आपल्या जठरांत सुमारें एक ते दीड लिटर ऐवज मावतो. या कुपींत मावतात पंचवीस-तीस मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन चमचे. कड्याच्या आंतल्या अंगाला फुगा असतो, आणि त्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखालीं बसविलेल्या एका डबीला जोडलेली असते. डबींत सुईनें क्षारजल घातलें, कीं फुगा फुगून वाट अरुंद होते. काढून घेतलें, कीं वाट मोकळी होते. कुपी भरतांच त्या भागांतील मज्जातंतूंवर दाब येऊन पोट भरल्याची जाणीव होते, आणि अन्न त्या अरुंद वाटेनें थोडें थोडें खालीं उतरतें.

१९९३ सालीं बेल्जियममध्यें असा पट्टा दुर्बिणीच्या साहाय्यानें, पोट न उघडतां, प्रथम बसविण्यांत आला. २००१ सालीं अमेरिकेंत त्याला सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढें कांहीं वर्षें त्याचा जगभर बोलबाला होता. आतां तो ओसरला आहे. पट्टा सरकणें, जठराच्या भिंतींत रुतणें अशा तक्रारींमुळें पुष्कळांचे पट्टे काढावे लागले, आणि आज बहुतेक शल्यवैद्य जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करण्याची शस्त्रक्रिया पसंत करितात. तथापि माझ्यासारखे पट्टा बाळगून असलेले लोक अद्याप आहेत, आणि ‘घांस उतरत नाहीं’ या दुःखाची तोंडओळख नव्या शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं अनेकांनाहि होते. त्यांच्यासाठीं, आणि त्यांच्याहूनहि अधिक त्यांना वाढणाऱ्यांसाठीं, हे चार शब्द लिहीत आहें.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ घ्यावयाचे: ताक, मुगाचें कढण, गाळलेलें सार. पुढें कांहीं दिवस घोटलेलें अन्न, मग मऊ, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास घरचें नेहमींचें जेवण. या काळांत फारसें अडत नाहीं, कारण पट्टा अद्याप आवळलेला नसतो. खरी परीक्षा डबींत प्रथम क्षारजल घातल्यानंतर सुरू होते. माझी परीक्षा एके दिवशीं सकाळीं साडेदहा वाजतां, शाळेला निघण्यापूर्वीं झाली. पोळीभाजीचे तीन घांस खाल्ले आणि चौथा छातीच्या हाडामागें येऊन उभा राहिला. तो खालीं जाईना आणि वर येईना. छातींत कोणी मूठ रोंवून धरावी तशी कळ; तोंडांत लाळ इतकी, कीं रुमाल अपुरा पडावा; डोळ्यांतून पाणी. सौ. नें स्वाभाविकपणें पाण्याचा पेला पुढें केला. परंतु पाण्यानें अडकलेला घांस उतरत नाहीं; पाणी त्याच्यावर साठून राहतें आणि कळ दुप्पट होते. अर्ध्या तासानें तो घांस जसा गेला होता तसाच, लाळेंत गुंडाळलेला, परत आला. त्याला ओकारी म्हणतां येणार नाहीं. त्यांत आंबटपणा नव्हता, कारण तो जठराच्या मुख्य भागापर्यंत पोंचलाच नव्हता. त्या दिवशीं पहिला तास घेतला तेव्हां छाती दुखत होती आणि भूक होती तशीच होती.

पुढें ध्यानांत आलें, कीं पट्टा सकाळीं अधिक आवळल्यासारखा वाटतो आणि सायंकाळीं सैल. घाई, राग, चिंता यांनींहि तो आवळल्याचा भास होतो. पट्टा असलेल्या पुष्कळांचा हा अनुभव आहे. म्हणून आमच्या घरचें वेळापत्रक फिरलें. सकाळीं कढण किंवा सार, शाळेच्या मधल्या सुटींत डब्यांतील मऊ उसळ, आणि मुख्य जेवण सायंकाळीं, दिवसाचीं कामें आटोपल्यावर.

पदार्थांचीहि नव्यानें ओळख करून घ्यावी लागली. वाचकांस वाटेल, कीं कठीण असेल तें अडेल व मऊ असेल तें उतरेल. तसें नाहीं. ताजा मऊ पाव चावतांना त्याचा गोळा होतो व तो बुचासारखा बसतो. तोच भाजून कडक केला, कीं चुरा होऊन सुखानें जातो. लुसलुशीत पोळीचेंहि तसेंच. म्हणून माझी पोळी तव्यावर पुनः भाजून खाकऱ्यासारखी खुसखुशीत करितात. मोकळा भात दाटून बसतो, सैल मऊभात वरणासह चालतो. कोरडे पोहे तर वैरीच. शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडींवरील साल, मेथीचे देंठ, अननस यांतील धागा दांतांना दाद देत नाहीं आणि पट्ट्याशीं जाऊन अडतो. उलट पिठलें, मऊ शिजविलेली मुगाची उसळ, दुध्याची भाजी, दही, ताजें पनीर हीं आपलीं माणसें. शाकाहारी मनुष्याला प्रथिनें मिळावयाचीं तीं मुख्यतः डाळी-कडधान्यें व दूधदुभतें यांतून. म्हणून दोन चमच्यांच्या पोटांत पहिला मान त्यांचा, भाताचा नंतर. शिवाय एवढ्याशा आहारांत सर्व पोषण मावत नाहीं, त्यामुळें जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्माच्या सोबती झाल्या आहेत.

परंतु काय खावें यापेक्षां कसें खावें हा प्रश्न मोठा. घांस करंगळीच्या नखाएवढा घ्यावयाचा. वीस वेळां तरी चावून त्याचा लेप झाल्याखेरीज गिळावयाचा नाहीं. गिळल्यावर पुढचा घांस उचलण्यापूर्वीं मिनिटभर थांबावयाचें. आणि वीस-पंचवीस मिनिटें झालीं, कीं पानांत काय उरलें आहे हें न पाहतां उठावयाचें. वाचावयास हें सोपें आहे. ज्याचा जन्म पंगतींत गेला त्यानें भरल्या पानासमोर एक मिनिट हात रिकामा ठेवून बसणें किती कठीण, हें ज्यानें केलें तोच जाणे.

येथें माझ्यापुढें एक धर्मसंकटहि उभें राहिलें. मुंज झाल्यापासून मी जेवणापूर्वीं प्राणाहुति घेत आलों आहें, आणि ते घांस दांत न लावतां गिळावे असा आमच्या घरचा शिरस्ता. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पांचांना न चावलेला भात अर्पण करावयाचा, आणि इकडे वैद्यांचा आदेश, कीं न चावलेलें कांहीं आंत जातां कामा नये! वाईस ज्यांच्यापाशीं मीं संस्कृताचे पाठ घेतले ते गुरुजी त्या वेळीं हयात होते. त्यांना मीं पत्रानें विचारिलें. त्यांनीं उलट टपालीं कळविलें, कीं आहुति मापानें मोजीत नाहींत. आचमनाला उडीद बुडेल इतकें पाणी पुरतें, मग प्राणाला एक शीत कां पुरूं नये? तेव्हांपासून मी तुपांत भिजलेलें मऊभाताचें एक एक शीत घेतों. तें अडत नाहीं, आणि जेवणाचा आरंभ घाईनें होत नाहीं हा लाभ निराळा.

पाण्याचा नियम त्याहून जाचक वाटला. जेवतांना पाणी नाहीं, आणि जेवणानंतरहि अर्धा तास नाहीं. अन्न पातळ झालें तर तें कुपींत न थांबतां खालीं निघून जातें, आणि तृप्तीची जाणीव होण्यापूर्वींच पुनः जागा होते. ताकभातावांचून ज्याचें जेवण संपत नसे त्याला ही मोठीच शिक्षा. आतां मी ताक चार वाजतां स्वतंत्र पितों. सोडा व तत्सम फसफसणारीं पेयें तर सर्वथा वर्ज्य.

या सर्वांपेक्षां अवघड गोष्ट मात्र पोटाच्या बाहेर आहे. ती म्हणजे आग्रह. २०१२ सालीं माझ्या मुलीचें लग्न झालें, आणि दुसऱ्या दिवशीं व्याह्यांकडे आम्हां सर्वांना भोजन होतें. पंगत मठ्ठ्यापर्यंत आली तरी माझ्या पानांत मसालेभाताची मूद तशीच होती आणि पुरीचे केवळ दोन तुकडे मोडलेले होते. ते दोनहि छातींत दाटले होते. इतक्यांत व्याही स्वतः जिलब्यांचें ताट घेऊन समोर उभे राहिले. ‘गुरुजी, आमच्या घरचा घांस गोड लागला नाहीं वाटतें?’ त्यांच्या बोलण्यांत थट्टा होती तशीच थोडी खंतहि होती. मी मुलीचा बाप. नाहीं म्हणावें तर तिच्या सासरच्या अन्नाचा अवमान. घ्यावें तर भर पंगतींतून उठून मोरीकडे धांवण्याची पाळी. तोंडांत लाळ भरलेली, त्यामुळें शब्दहि फुटेना.

त्या वेळीं शेजारच्या पानावरून माझ्या आत्याबाई बोलल्या. त्यांचें वय तेव्हां पंच्याऐंशी. तोंडांत एकहि दांत नव्हता आणि कवळी त्या वापरीत नसत. मऊभाताचा घांस हिरड्यांवर घोळवीत त्या म्हणाल्या, ‘अहो, त्याला आणि मला एका पंक्तीला धरा. आम्हां दोघांना वेळ लागतो. घांस तोंडांत आहे तोंवर आपला. गिळला, कीं तो पोटाचा. आमचा थोडा वेळ आमच्यापाशीं राहूं द्या.’ व्याही हंसले. जिलब्यांचें ताट पुढें गेलें, आणि या दोन पानांवर कोणी कांहीं वाढूं नये, असें त्यांनीं वाढप्यांना स्वतः सांगितलें. पंगत उठली तरी आम्ही आत्या-भाचे बसून होतों, आणि माझी मुलगी, नवी नवरी, आमच्यासमोर येऊन बसली होती. दहा-पंधरा मिनिटांनीं छातींतली मूठ आपोआप सुटली. आग्रह न करण्यांतहि केवढें आतिथ्य असतें, तें मला त्या दिवशीं समजलें.

आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती कमी दिसते व अधिक घात करिते. पट्टा हा जठराचा द्वारपाल खरा. परंतु हा द्वारपाल येणाऱ्याची जाडी पाहतो, शील पाहत नाहीं. पोळीच्या तुकड्याला तो अडवितो आणि श्रीखंडाला मुजरा करून आंत सोडितो. बासुंदी, आमरस, आइस्क्रीम, चहांत बुडविलेलीं बिस्किटें, तोंडांत विरणारी शेव यांना कोठेंहि अटकाव नाहीं. ज्याला दोनदां घांस अडून चारचौघांतून उठावें लागलें, तो मनुष्य तिसऱ्या वेळीं आपोआप सरकणाऱ्या पदार्थांकडे वळतो. भीतीच त्याला तिकडे ढकलते. घरचींहि माणसें ‘निदान एवढें तरी जातें आहे’ म्हणून मायेनें वाटी पुढें करितात. मग वजन थांबतें, रक्तांतील साखर चढते, आणि लोक म्हणतात, शस्त्रक्रिया फुकट गेली. म्हणून घांस अडला तर त्या पदार्थाला कायमचा रामराम ठोकण्यापूर्वीं मनाला तीन प्रश्न विचारावे. घांस मोठा होता काय? चावणें अपुरें पडलें काय? मनांत घाई होती काय? तिन्हींचें उत्तर ‘नाहीं’ असेल आणि तरीहि अडत असेल, तर बिघाड जेवणाराचा नसून पट्ट्याचा असूं शकतो, आणि तो प्रश्न वैद्यांकडे न्यावा.

या शेवटच्या वाक्याचें महत्त्व आमच्या घराला २०१३ च्या पावसाळ्यांत पटलें. डबींतील क्षारजल थोडें वाढविल्यास तीन आठवडे झाले होते. हळूहळू पोळी बंद झाली, मग भात, मग पिठलें. शेवटीं दूध आणि सार एवढेंच उतरूं लागलें. वजन मात्र भराभर घटत होतें, आणि काट्यावरचा आंकडा ऐकून शाळेंतील सहकारी अभिनंदन करीत होते. आनंद झाला नाहीं तो एकट्या सौ. ला. रात्रीं दोन-अडीच वाजतां मी खोकत उठें आणि उशी ओली झालेली असे, हें तिनें पाहिलें होतें. ‘अहो, हा खोकला छातीचा नव्हे,’ ती म्हणाली. ‘आडवें झालांत कीं मगच येतो. वरचें वरच राहतें आहे. उद्यां पुण्याला जायचं.’ आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या एस्. टी. नें आम्ही निघालोंहि.

शल्यवैद्यांनीं डबींत सुई घालून क्षारजल काढून घेतलें. पांच मिनिटांचें काम. मग पेलाभर पाणी प्यावयास दिलें, आणि तें सरळ उतरलें. तीन आठवड्यांत प्रथमच पाण्याचा थंडावा छातीच्या खालीं पोंचल्याचें मला जाणवलें. वैद्य म्हणाले, कीं असेंच चालतें तर वरची कुपी ताणली जाऊन पट्टा सरकण्याचा संभव होता, आणि झोपेंत वर आलेलें अन्न फुप्फुसांत जाण्याचेंहि भय होतें. शिवाय आठवडेच्या आठवडे अन्न टिकलें नाहीं, तर ब-१ जीवनसत्त्वाचा तुटवडा होऊन मज्जातंतूंना व मेंदूला कायमची इजा पोंचूं शकते. वजनाच्या काट्याला यांतलें कांहींच दिसत नाहीं.

म्हणून हें स्वच्छ लिहून ठेवितों. घांस वारंवार परत येत असेल, घट्ट अन्न सुटून केवळ पातळावर राहणें भाग पडत असेल, रात्रीं आडवें होतांच खोकला येत असेल किंवा घशाशीं येत असेल, तर वजन कितीहि सुरेख उतरत असो, पट्टा तपासून घ्यावा. आणि पाणी किंवा स्वतःची लाळहि गिळतां येत नसेल, अथवा पोटांत तीव्र कळ थांबत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

आमच्या घरांत या निमित्तानें बरेंच कांहीं बदललें. माझें मोठें ताट फळीवर गेलें आणि मुलीचें लहानपणचें ताट माझ्या वांट्याला आलें. पूर्वीं सौ. मला वाढून स्वयंपाकघरांत जाई, आणि माझें आटोपल्यावर मग जेवीत असे. आतां मिनिटामिनिटाला थांबणाऱ्या मनुष्यासमोर कोणी बसलेलें असावें, म्हणून ती आपलें पान माझ्या पानाशेजारीं घेते. आमचें जेवण एकाच वेळीं सुरू होतें आणि एकाच वेळीं संपतें. पंचवीस वर्षांच्या संसारांत जें घडलें नव्हतें तें सिलिकोनच्या एका कड्यानें घडविलें.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पेयाला द्यावा आणि चौथा वायूसाठीं रिकामा ठेवावा असें सांगितलें आहे. चरकानें विमानस्थानांत फार जलद नको, फार रेंगाळत नको, बोलत-हंसत नको, मन लावून जेवावें, असा विधि घातला आहे. आमच्या आग्रहाला त्या चौथ्या रिकाम्या भागाची ओळख नाहीं. पान भरलेलें दिसलें म्हणजे वाढणाऱ्याचें मन भरतें. परंतु त्या पानाचा भार जेवणाराच्या छातीवर पडत असेल, तर तें प्रेम चुकीच्या जागीं वाढलें जातें. अन्नाची निंदा करूं नये, असें व्रत तैत्तिरीय उपनिषदांत सांगितलें आहे. पानांत टाकणें ही जर अन्नाची निंदा, तर ती टाळण्याचा खरा उपाय वाढणाऱ्याच्या डावेंत आहे.

आज माझें वजन ९३ किलो आहे. मध्यंतरीं तें ८८ वर गेलें होतें. पट्टा अजून आंत आहे, पूर्वींहून सैल ठेविलेला. वर्षांतून एकदां तो दाखवून येतों. मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक झाली आहे, आणि जिना मी न टेकतां चढतों. घांस अजूनहि महिन्यांतून एखाद्या वेळीं अडतो. तेव्हां मी हात थांबवितों, सौ. आपलाहि हात थांबविते, आणि आम्ही दोघें कांहीं न बोलतां बसून राहतों. ज्यांच्या घरीं असा मनुष्य असेल त्यांना माझी एवढीच विनंति आहे, कीं त्याच्या पानाशीं ‘आणखी काय वाढूं?’ असें विचारूं नका. जवळ बसा, थोडें थांबा, आणि मग हळूच विचारा, ‘उतरलें का?’